भोयरजींची परखी

आमच्या पुतणीसाठी एक स्थळ पाहायला गेलो तेव्हा भोयरजींना सोबत नेलं, आणि त्यांनी त्या लोकांच्या गादीत परखी खुपसली. परखी म्हणजे धान्यबाजारातली टोकदार लोखंडी नळी. पोत्यात खुपसून ओढली की आतला दाणा नळीतून हातावर येतो. भोयरजींच्या हातावर गादीतून चिंध्या आल्या. "वरतून कापूस, आतमंधी चिंध्या," ते मुलाच्या आईच्या तोंडावर म्हणाले. "बाई, हे सोयरीक राहू द्या." सोयरीक राहूनच गेली. पुतणीला पुढे दुसरीकडे दिली. तिथं मी भोयरजींना नेलं नाही.

धान्याचा बाजार शहराबाहेर कळमन्याला जायच्या आधीची ही गोष्ट. भोयरजी इतवारीत एका अडत्याकडे माल पारखायचं काम करत. त्यांच्या आणि आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. मी मास्तरीण, म्हणून त्यांच्यासाठी मी 'बाई'. "मधला काढा, मधला!" हे त्यांचं पालुपद. भाजीवालीच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालत, लग्नाच्या पंगतीत लाडवांच्या परातीतला खालचा लाडू मागत. एकदा शाळेच्या गॅदरिंगला आले, तर माझ्या वर्गात शिरून म्हणाले, "पुढच्या बाकावरचे पोट्टे नका दाखवू. मधल्यातला एक उभा करा." केला उभा. त्या मेल्याला सातचा पाढा येईना. भोयरजी नुसते हसले. तो हसरा चेहरा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

त्यांच्या घरात माणसं दोन. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा लग्नानंतर लवकरच काविळीनं गेला. उरले भोयरजी आणि त्यांची पंचविशीतली सून कुसुम. मॅट्रिक झालेली, हुशार, आणि दिवसभर त्या दोन खोल्यांत कोंडलेली. एकदा दाढ काढायला गेली तेव्हा तिनं डॉक्टरच्या हाताशी उभी राहणारी बाई पाहिली. अवजारं देते, रोग्याला धीर देते, सगळे तिला सिस्टर म्हणतात. परत आली ती गाल धरूनच माझ्याकडे. "बाई, मले ते शिकायचं हाये. मामाजीले तुमी विचारा ना."

मी विचारलं. सासरे लोक नाही म्हणतात, तशी तयारी ठेवून गेले होते. भोयरजी चटकन हो म्हणाले. "शिकू द्या ना जी. मी काय जलमाले पुरणार हावो? पण वर्ग मी पारखीन."

झालं!

पहिला वर्ग सीताबर्डीवर, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर. टाय लावलेले एक सर, भिंतीवर जबड्याचं मोठं चित्र, आणि सर्टिफिकेटची गॅरंटी. आता धान्यबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. भोयरजींनी सरांचा हात खसकन आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली ओढला आणि दोन बोटं दाबली. सर किंचाळले, "अहो, हे काय करता?"

"फी ठरवून राहिलो जी. बोंबलता काहून?"

कुसुम पदरात तोंड घालून हसत होती. मी मात्र जिन्याकडे बघत होते, पळावं लागलंच तर म्हणून. तोवर भोयरजी मधल्या बाकावरच्या मुलीपाशी पोचले होते. "पोरी, अवजार उकळाचं भांडं कुठी हाये?" ती म्हणाली, "फळ्यावर काढून दाखवलं होतं सरांनी." भोयरजींनी चप्पल घातली.

दुसरीकडे एक नावाजलेले डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यात मुली तयार करत. डॉक्टर बोलायला फार गोड. भोयरजींनी ते ऐकलंच नाही, मागच्या दारी जाऊन उभे राहिले. शिकाऊ मुलगी तिथं डॉक्टरांच्या घरचा तांदूळ निवडत होती. "किती शिकली वं?" "साहेबांना चहात साखर किती लागते ते शिकले," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मला भोयरजींचा अभिमान वाटला. आम्ही दोघी तर त्या गोड बोलण्यावरच फी भरून आलो असतो.

तिसरी जागा धंतोलीत. एक डॉक्टरीणबाई, वर्षाला एकच मुलगी शिकायला घ्यायच्या. भोयरजी दात दुखतो म्हणून सांगून तिथं जाऊन बसायला लागले. रोज वेगळा दात दुखे. बाहेर येणाऱ्या रोग्यांना विचारत, पोरगी हात धुते का, पोरं रडली तर खेकसते का. रोज संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन बातमी द्यायचे. "पोरगी प्रत्येक रोग्यामागं अवजार उकळते, बाई. एका म्हाताऱ्याचा हात धरून उभी होती. डॉक्टरीण तिले समजावून सांगते, वसकत नाही." कुसुमनं तोवर तिथं नेसायला म्हणून जुन्या पांढऱ्या साड्या नीळ घालून वाळत टाकल्या होत्या. एक दिवस भोयरजी आले आणि भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "शिकून गेलेल्या पोरी कुठी हायेत, ते विचारलं आज. एक रायपूरले, एक अकोल्याले. नोकरी करतात. आपापली खोली घेऊन राहतात."

"मग? याहून चांगलं काय पाहिजे?"

"हो ना," म्हणाले आणि उठले.

दोन-तीन दिवसांनी कुसुम रडत आली. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं. जागा भरली. मामाजींनी फार विनवलं म्हणे, पण बाई ऐकेनात. मीही त्या बाईंना चार शिव्या घातल्या, कुसुमची समजूत काढली. साड्या दोरीवरून निघाल्या.

पुढे माझीच दाढ ठणकायला लागली. मुद्दाम त्याच बाईंकडे गेले, म्हटलं बघू तरी कोण एवढी लागून गेली. खुर्चीत बसता बसता कुसुमचं नाव काढलं. बाई गोंधळल्या. "अहो, मी तर तिची वाट पाहिली. सासरेच येऊन सांगून गेले, सुनेची इच्छा नाही म्हणून. मग मी दुसरी घेतली."

गालाखाली बोळा आणि अर्धं तोंड बधिर, अशी मी रिक्षातून थेट भोयरजींच्या दारात उतरले. भांडायला गेलेल्या बाईच्या तोंडून निम्मे शब्द बाहेर येत नाहीत, याइतकी फजिती नाही. पण त्यांना कळायचं ते कळलं.

"माल एक नंबर होता, बाई," ते म्हणाले. "मधला पाह्यला, तळचा पाह्यला. खडा नाही सापडला."

"मग काहून केलं असं?" माझ्या तोंडून त्यांचीच भाषा आली.

"चांगली शिकली असती त गेली असती ना जी. तिकडं रायपूरले नाही त अकोल्याले. मंग इथी कोण? दुसरे दोन वर्ग बेकार होते, म्हणून मी सुखानं झोपलो होतो."

कुसुम आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करील, आणि मी तिच्या बाजूनं उभी राहणारच होते. तिनं चुलीवरची डाळ उतरवली, त्यांचं ताट वाढलं आणि पाट मांडला. दुसऱ्या दिवशी एकटी धंतोलीला गेली आणि पुढच्या वर्षासाठी नाव देऊन आली. तेव्हापासून सासऱ्याशी एक शब्द नाही. चहा वेळेवर, भाकर गरम, धोतर धुतलेलं. तोंड मात्र बंद.

आता मला दया यायला हवी होती. नाही आली. म्हटलं, भोगा! एका पोरीचं आख्खं वर्ष खाल्लंत, आता बसा. भोयरजींची बडबडही गेली होती. भाजीवाली वरवरची वांगी द्यायची आणि ते मुकाट्यानं घ्यायचे.

एका संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. मी पेपर तपासत होते, मान वर केली नाही.

"बाई, कुसुम तुमचं ऐकते. एक सांगा ना तिले."

"मी नाही सांगणार 'जाऊ नको' म्हणून," मी तडकून म्हटलं.

"तसं नाही जी. जाऊ दे तिले. तिथं चांगलं शिकवतात, मी पाह्यलं ना." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "पण जायाले टाइम हाये अजून. तोवर मले एखाद दिवस शिव्या त दे म्हणा."