खिल्लारे काकांची तालीम

आमच्या शेजारचे खिल्लारे काका कोथिंबीर आणायला जायच्या आधीसुद्धा तालीम करतात. पंचायत समितीतून निवृत्त झाले, पण टिपण काढायची सवय राहिली. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तीन मुद्दे लिहून ते आमच्या ओट्यावर येतात आणि समोरचं माणूस म्हणून मला बसवतात. मी गॅसवाला झाले आहे, बँकेतली मॅडम झाले आहे, दोनदा नगरसेवक.

माझी निवड झाली कारण मी बोलत नाही. इंग्रजी शाळेमुळे मराठीत अडते, असं आई पाहुण्यांना सांगते. खरं तर मी इंग्रजीतही अडते. पण काकांना माझं मुकाट ऐकणंही पुरेना. "लगेच मान नको हलवू पोरी, थोडा विरोध कर. समोरचा इतका गरीब नसतो." एकदा भाजीवालीने पहिल्याच मुद्द्याला कोथिंबीर फुकट देऊन टाकली. काका हिरमुसले. उरलेले दोन मुद्दे त्यांनी तिला तरीही ऐकवले.

गेल्या महिन्यात काकूंच्या पोटात गाठ निघाली. नांदेडला जाऊन लवकर ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाले. काकू ऐकेनात. काका पत्रिका घेऊन आले. या वेळी मी काकू व्हायचं होतं.

एक, डॉक्टर हुशार आहेत. दोन, शिरड गावची मावसबहीण अशीच बरी झाली. तीन, पोरगा रजा काढून येतोय. प्रत्येकाला मी काकूंसारखं "न्हाई" म्हणत गेले. मुद्दे संपले. काका पत्रिका उलटीसुलटी करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू न्हाई राहिलीस तर मी कुनाशी बोलू?"

दुपारी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. तिन्ही मुद्दे, क्रमाने, अगदी स्पष्ट. ते शेवटचं वाक्य मात्र आलंच नाही. काकू नाहीच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका बाहेर पडल्यावर मी त्यांच्याकडे गेले. काकू ज्वारी निवडत होत्या. दारातच उभी राहून मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

काकूंचा हात सुपातच थांबला. "मला काहून न्हाई म्हनले?"

काकूंनी निवडलेली ज्वारी डब्यात ओतली. मग सूप बाजूला सारलं.

"नांदेडची गाडी किती वाजता हाय, इचार त्यायला," त्या म्हणाल्या. "मी इचारलं म्हनून सांगू नको."