चौपाखी घराची चार गिऱ्हाइकं

रामा तांडेल घराच्या गिऱ्हाइकाला दारातून आत घेत नाही. शिडीवरून घेतो.

सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा त्याच्या कुंपणाच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत गेलो, तो इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल आणि जिभेवर साखर घेऊन. बाहेर पाटी होती, 'घर विकणे आहे'. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उघड्या अंगाचा, पंचा नेसलेला एक सत्तरीचा माणूस शिडी धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चपला काढ. चढ वर."

"काका, मी घर बघायला आलोय."

"मग? होडी घेणारा तळ बघतो, घर घेणारा माथा बघतो. खालून काय, शेजारीपण बघतात. चढ."

मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. चिरेखाणीवर चिरे उचलण्यापासून सुरुवात केली आणि आज रत्नागिरीत माझ्या पाच इमारती उभ्या आहेत. त्यातला एकही प्लॉट मी पहिल्या बोलीत घेतलेला नाही. समोरचा माणूस दमेपर्यंत बोलत राहायचं, हा माझा धंदा. पण त्या दिवशी मी चढलो. दुपारी साडेबाराला उतरलो तेव्हा शर्टाला शेवाळ लागलेलं, तळहात सोललेले आणि पश्चिमेच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उताराची, अर्धी कौलं मी स्वतःच्या हाताने परतलेली. किमतीचा शब्दही निघाला नव्हता. तांडेलने कोकम सरबताचा तांब्या पुढे केला. "हात बरा हाय तुझा. उरलेलं उद्या करू."

मी घरी येईपर्यंत मला कळेना, की नक्की झालं काय.

ज्यांनी कौलारू घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाआधी एकेक कौल उतरवायचं, त्यावरचं शेवाळ आणि वाळक्या पानांचा पातेरा झाडायचा, बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायचं. खणखणलं तर पुन्हा जागेवर, बद्द वाजलं तर बाद. वांदरांनी फोडलेली वेगळी. कौलांखालची लाकडी रीप कुजली असेल तर बदलायची. हे काम एकट्याचं नाही. एक माणूस वर लागतो, एक शिडीवर, एक खाली. तांडेलची बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि एकुलता एक मुलगा विलास विरारला. पाटी लावली होती ती विलासने. शिडी लावली ती बापाने.

तांडेलने चाळीस वर्षं मासेमारीच्या होडीवर तांडेलकी केली. म्हणजे होडीवरचा शेवटचा शब्द त्याचा. होडी विकली, पण शब्द त्याने स्वतःकडेच ठेवला. घराबद्दल तो होडीसारखंच बोलतो. म्हणतो, "पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात आणि घरं दर्यात जातात." म्हणून मे महिन्यात घराची डागडुजी. पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या चुडतांची झापं बांधायची, पन्हळी साफ करायच्या, दारं-खिडक्यांना तेल पाजायचं. एकदा पाऊस लागला की हा ओटीवर बसून वाऱ्यावर नजर ठेवतो. "वारं फिरलं," म्हणत उठतो आणि एका बाजूच्या खिडक्या लावून दुसऱ्या बाजूच्या उघडतो. नारळी पौर्णिमेला सगळे एक नारळ समुद्राला देतात. हा दोन नेतो. एक समुद्राला देऊन दुसरा परत आणतो आणि स्वतःच्या उंबऱ्यावर फोडतो. "आलं बंदरात," असं घराच्या पाठीवर थाप मारल्यासारखं खांबाला सांगतो.

माझ्या इमारतींबद्दल त्याचं मत मी मागितलेलं नव्हतं. ते त्याने दिलं. आमच्याकडे काँक्रीटचा स्लॅब दोन पावसाळे काढतो आणि तिसऱ्याला ठिबकायला लागतो. मग आम्ही वर पत्र्याची शेड मारतो. सगळ्या गावात हेच. तांडेल माझ्या पाचव्या इमारतीकडे बघत म्हणाला, "तू, मेल्या, आधी घर बांधतोस, मग त्याच्यावर छत्री उघडतोस." हे त्याने चहाच्या टपरीवर, माझ्या दोन गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. त्यातला एकजण हसला. दुसरा गेला तो गेलाच.

तरी मी सहा वर्षं त्याच्याकडे का जात राहिलो, ते सांगायला मला लाज वाटते. त्याच्या घरामागची जागा मी घेऊन ठेवली आहे. स्वस्तात मिळाली म्हणून उडी मारली. तिला रस्ता नाही, हे नंतर कळलं. रस्ता जातो तो तांडेलच्या खळ्यातूनच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका विकत घेऊन मोठा झालो आणि एक चूक स्वतःच्या नावावर करून बसलो. ते घर मला मिळालं तर मागे चार मजले उभे राहतात, नाही तर गवत.

आणि बाजार असा की थांबणं म्हणजे गुन्हा. पूर्वी आमच्याकडे खोल्या घ्यायला मास्तर यायचे, शाळा किती लांब ते विचारायचे. आता मुंबईचे लोक येतात आणि खिडकीत उभे राहून मान वाकडी करून विचारतात, समुद्र कुठे दिसतो. बोटभर दिसला तरी भाव चढतो. मग अकरा महिने कुलूप. गणपतीला येतात तेव्हा गादीवर बुरशी, आणि फोन मला. महामार्ग रुंद व्हायला लागल्यापासून तर ज्याच्या नावावर दोन गुंठे कातळ आहे तोसुद्धा ताठ चालतो. अशा बाजारात, करोनाचं एक वर्ष सोडलं तर, दर मे महिन्यात मी तांडेलच्या पश्चिम पाख्यावर बसून कौलांना टिचक्या मारत होतो. का, तर तो दरवर्षी म्हणायचा, "बघू. यंदा मनात हाय माझ्या." मला वाटायचं, मी त्याला दमवतोय.

गेल्या मे महिन्यात, एका शुक्रवारी, दस्त नोंदवायच्या कचेरीत बाकावर एक निवृत्त बँक मॅनेजर भेटले. पुण्याचे, आता इथेच स्थायिक. हाताला बँडेज. मी सहज विचारलं, काय झालं.

"काही नाही हो. एक घर घ्यायचं चाललंय पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्याकडे. मालक विक्षिप्त आहे. म्हणतो, माथा बघितल्याशिवाय—"

"तांडेल?"

"तुम्ही ओळखता?"

"तुमचं पाखं कुठलं?"

"पूर्व," मॅनेजर अभिमानाने म्हणाले. "तीन वर्षं झाली. उगवतीची बाजू तो कुणालाही देत नाही म्हणे."

चौकशी करायला अर्धा तास पुरला. दक्षिणेच्या पाख्यावर एक दातांचे डॉक्टर. उत्तरेला एक आंब्याचे व्यापारी. प्रत्येकाचा वार वेगळा, प्रत्येकाला सरबत आणि प्रत्येकाला 'यंदा मनात हाय माझ्या'. चौपाखी घर, चार पाखी, चार गिऱ्हाइकं. फुकटात घराची शाकारणी, तीही इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसांकडून. अख्ख्या जिल्ह्यात मला फसवणारा माणूस जन्मला नाही, असं मी सांगत फिरायचो. तो माझ्याआधी पस्तीस वर्षं जन्मून बसला होता.

रविवारी सकाळी मी गेलो तो भांडायलाच. तांडेल ओटीवर होता आणि शर्ट घातलेला. त्याला मी शर्टात कधी पाहिलं नव्हतं. वरचं बटणसुद्धा लावलेलं. समोर पाटावर मोबाइल.

"तांडेलकाका, मी काय तुमचा गडी आहे?"

"बस."

"बसत नाही. मॅनेजर पूर्वेला, डॉक्टर दक्षिणेला. सहा वर्षं मला बनवलंत."

मला वाटलं, ओशाळेल. त्याने शांतपणे मान हलवली. "खरं हाय. पण पश्चिम तुला दिली. वारं तिथनं येतं. तिथे येड्यागबाळ्याला चढवत नाय मी."

एवढा राग आलेला असताना माणसाला थोडं बरं वाटावं, हे मला अजून समजलेलं नाही.

"घर विकायचंय की नाही, एकदा सांगा."

"विकलं की जायचं कुठं? विरारला. तिसरा मजला." त्याने वर, वाशांकडे पाहिलं. "तिथे माझ्या डोक्यावर दुसऱ्याची फरशी. मी परतू काय?"

एवढ्यात मोबाइल वाजला. त्याने शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि मग उचलला. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला. विलासच होता.

"बाबा, कोण आलं का बघायला?"

"आलाय ना. समोर हाय. बिल्डर."

"द्या त्यांना."

फोन माझ्या हातात आला. विलास वाईट मुलगा वाटला नाही. थकलेला वाटला. म्हणाला, "शेठ, मला मोठी जागा घ्यायची आहे, बाबांना वेगळी खोली होईल अशी. तुम्ही शेवटचा आकडा सांगा. बरा असेल तर मी शुक्रवारी येतो, बाबांना समजावून सही घेतो. मी एकदा नीट बसून सांगितलं तर ते नाही म्हणणार नाहीत."

सहा वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो. आकडा माझ्याकडे तयार होता, आणि तो बरा होता. मागच्या जागेचे चार मजले माझ्या डोळ्यांसमोर पायऱ्यांसकट उभे राहिले. तांडेलला सगळं ऐकू येत होतं. तो खाली बघत शर्टाचं लावलेलंच बटण पुन्हा लावत होता.

मी बोलायला लागलो. "विलासराव, खरं सांगू? बाजार बसलाय. लोकांना स्लॅबची घरं पाहिजेत. तुमच्या भिंतींना ओल आहे. वाशांना वाळवी लागलीय. पश्चिमेची बाजू तर कधी खाली येईल सांगता येत नाही." आणि मग मी आकडा सांगितला. इतका कमी आकडा मी चिरेखाणीवर असतानासुद्धा कुणाला सांगितला नसता.

मग विलास म्हणाला, "एवढ्यात विरारला न्हाणीघर येत नाही, शेठ. राहू दे." फोन बंद झाला.

माझा मीच हादरलो होतो. हा आवाज माझाच होता का, ते तपासून बघावंसं वाटत होतं.

"वाळवी?" तांडेल म्हणाला. "माझ्या वाशांना?"

"काका—"

"दाखव. कुठला वासा? सहा वर्षं वर चढतोस, तुला लाकूड कळत नाय?"

"काका, तुम्हाला वाचवलं मी. माझं नुकसान करून. कळतंय का?"

कळलं होतं त्याला. त्याने हळूहळू शर्ट काढला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला. "पण आता पुढच्या रविवारी तो फोन नाय करायचा."

"का?"

"काय विचारेल? गिऱ्हाईक तर गेलं. मधे तो रोगाचा काळ आला, तवा घर बघायला कोणी फिरकलं नाय. सहा महिने माझा फोन असाच पडून." पाटावरच्या मोबाइलवर त्याने हात ठेवला. "तसा पोरगा चांगला हाय. कामात असतो. 'बरे आहात ना', 'बरा हाय', की झालं बोलणं. गिऱ्हाइकाचं निघालं की मग दहा मिनिटं बोलतो. एक गिऱ्हाईक असलं तर दहा मिनिटं. चार असली की..." त्याने हिशेब पुरा केला नाही. "तो बोलतो तवा मागनं नात ऐकू येते. खेळत असते. गाणी म्हणते. तिला माहीत नसतं मी ऐकतोय ते."

मी कौलं मोजणारा माणूस. चार गिऱ्हाइकं कशासाठी पोसली होती, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सरबत न पिता निघालो. खाली मान घालून निघालो, हे लिहायला मला आवडत नाही, पण निघालो.

पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला मी विलासला फोन केला. म्हटलं, "विचार केला. थोडा वाढवतो. पण आधी एक कळलं पाहिजे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती हात असतं? तुमच्या बाबांना विचारून सांगा." त्याच्या पुढच्या रविवारी अजून थोडं वाढवलं आणि मागच्या पडवीची लांबी विचारली. मग माडांचं वय. मग कुंपणाच्या दगडी गडग्याची हद्द. धंद्यात एवढे दिवस लोंबकळत ठेवलेला सौदा माझ्याकडे दुसरा नाही. सौदा तोडणं मला जमतं, पुरा करणं जमतं. हा असा चालू ठेवणं मला नव्याने शिकावं लागतंय. आकडा फार वर जाऊ द्यायचा नाही आणि विलासने आशा सोडावी इतका खालीही ठेवायचा नाही. मॅनेजरना आणि डॉक्टरांनाही मी एकेक प्रश्न वाटून दिला आहे. आंब्याचे व्यापारी अजून ऐकत नाहीत. ते म्हणतात, त्यांना घर खरंच घ्यायचंय.

माझ्या मागच्या जागेत गवत कमरेएवढं वाढलंय. तिकडे बघितलं की अजून डोकं फिरतं.

काल रविवारी मी त्याच गवतात उभा होतो, गडग्याच्या पलीकडे. तांडेलचा फोन वाजला आणि त्याचा आवाज आला, "पाणी? कालच्यापेक्षा कमी झालं असेल. थांब, विहिरीवर जातो, मोजून सांगतो. फोन चालू ठेव हां."

मी गडग्यावरून डोकावलो. तो जागचा हललासुद्धा नव्हता. फोन कानाला घट्ट लावून, डोळे मिटून ओटीवर बसला होता. पलीकडे कोणीतरी तीनचा पाढा म्हणत होतं, आणि मधेच चुकत होतं.