एक कार्ड, आठ खाचा

जगात नुसतं असून भागत नाही. विचारल्यावर आपण कोण ते सांगता यावं लागतं. संगणकशास्त्राने हे फार लवकर ओळखलं, याबद्दल त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

संगणकाच्या पोटात मदरबोर्डावर ओळीने खाचा असतात आणि त्यांत जादा कामाची कार्डं खोचतात. ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम यंत्र सुरू झाल्याबरोबर प्रत्येक खाचेपाशी जाऊन विचारतो, "कोण आहे?" कार्डाने दोन आकडे सांगायचे, एक घराण्याचा, एक स्वतःचा. आकडे ड्रायव्हरच्या यादीत सापडले की कार्ड कामाला जुंपलं जातं. (कार्ड खरं बोलतंय का, हे तो तपासत नाही. इतका विश्वास जावयावरही कोणी ठेवत नाही.) आतून कोणीच बोललं नाही, तर आकड्यांच्या जागी नुसते 'एफ' दिसतात. अर्थ : खाच रिकामी.

एका कंपनीत हा ड्रायव्हर लिहिण्याचं काम भाऊजींकडे होतं. कार्डं बनवणाऱ्या टेबलावर त्यांची मेहुणी होती, म्हणून सगळं ऑफिसच त्यांना भाऊजी म्हणे. बुधवारी अकरा वाजता साहेबांसमोर ड्रायव्हरने नवं कार्ड ओळखलं तर भाऊजी कायम, नाहीतर नारळ. बायकोने नव्या घराच्या अर्जात 'नोकरी : कायम' असं आधीच लिहून टाकलं होतं.

मंगळवारी भाऊजींनी कार्ड खोचलं. दिवा लागला, पंखा फिरला, बोट लावलं तर चटका बसला. ड्रायव्हर म्हणाला, खाच रिकामी.

"अगं, हे आकडाच सांगत नाहीये!" भाऊजी मेहुणीला म्हणाले.

"सांगेल कुठून, भाऊजी? त्याची ओळखीची चिप कोरी आहे. कोरी चिपही सगळे एफच दाखवते."

"मग भर की आकडा!"

"तो ओळख समिती देणार. आणि समिती म्हणते, आधी ड्रायव्हरने कार्ड ओळखल्याचा दाखला आणा."

समितीचं म्हणणं रास्तच होतं. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला आकडा द्यायचा कशाच्या जोरावर? गेल्या तीन वर्षांत समितीने एकाही कार्डाला चुकीचा आकडा दिलेला नाही. (बरोबरही दिलेला नाही.)

डोकं धरून भाऊजी संध्याकाळपर्यंत बसले आणि मग ड्रायव्हरमध्ये एकच ओळ वाढवली : सगळे एफ आले, तर ते आपलंच कार्ड.

बुधवारी साहेब आले. यंत्रात खाचा आठ, कार्ड एक. पडद्यावर उमटलं, 'कार्ड सापडलं.' भाऊजींनी श्वास सोडला. पुन्हा उमटलं, 'कार्ड सापडलं.' असं आठ वेळा. मेहुणीने तोंडात रुमाल कोंबला. आता काही खरं नाही, असं वाटून भाऊजींनी डोळे मिटले.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "आधीच्या माणसाला एक सापडत नव्हतं. यांनी आठ शोधली!"

साहेबांबरोबर आलेला तपासनीस यंत्रात डोकावून म्हणाला, "साहेब, सात खाचा रिकाम्या दिसतायत."

"तुम्हाला दिसतायत. यंत्राला किती सापडली?"

"आठ."

"मग झालं तर!"

खातरजमा करायला, होतं ते एक कार्डही उपटून काढलं. तरी आठ. अहवालात नोंद झाली : ओळखीचं प्रमाण आठशे टक्के, कार्ड काढूनही कामगिरीत घट नाही, सबब यापुढे कार्ड बनवण्याची आवश्यकता नाही. टेबल बंद झालं आणि मेहुणीला, हाताला काम नसल्याचा अनुभव पाहून, ओळख समितीवर घेतलं. भाऊजी कायम झाले. आनंदाने त्यांना जिन्यातच रडू फुटलं, आणि ते रडणं अगदी मनापासूनचं होतं. ड्रायव्हर त्याच आठवड्यात गावोगावी रवाना झाला.

हसा, वाचकहो, खुशाल हसा. परवा तुम्ही घाईत होतात, पडद्यावर 'नवा ड्रायव्हर बसवायचा का?' असं आलं, आणि खालचा मजकूर न वाचता तुम्ही 'हो' दाबलंत. मग 'सर्व उपकरणे व्यवस्थित चालू आहेत' हे वाचून तुम्हाला किती बरं वाटलं होतं!