उड्डाणशास्त्राचे तास

एका जंगलात वीज पोचली नव्हती, पण विद्यापीठ पोचलं होतं. नीट बसा, सांगते.

त्या जंगलाचा नियम असा, की पदवीशिवाय कुणाला वडावर फांदी मिळायची नाही. फांदी नाही, म्हणजे घरटं नाही. म्हणून एका साळुंकीनं आपल्या पिल्लाचं, ठिपक्याचं, नाव उड्डाणशास्त्राच्या पदवीला घातलं. तसं ठिपक्याला उडता येत होतं. पण येतं म्हणजे नक्की येतं का, या विचारानं साळुंकीला झोप लागत नसे. आयांचं असंच असतं.

कुलगुरू होते कासव. त्यांनी पहिल्याच दिवशी हिशेब समजावला.

"पंधरा तास बसलं की एक क्रेडिट. अशी एकशेवीस झाली की पदवी."

"आणि उडायचं कधी, सर?" ठिपक्यानं विचारलं.

"अभ्यासक्रमाबाहेरचं विचारू नकोस."

मग हजेरी सुरू झाली. वर्गाच्या मधोमध एक धोंडा होता, विद्यापीठाच्याही आधीपासूनचा.

"धोंडा?"

धोंडा काही बोलला नाही.

"शांत आहे. हजर."

तेवढ्यात ठिपक्या भुर्रकन उडाला आणि गिरकी घेऊन परत आला. कासवानं त्याची गैरहजेरी लावली आणि साळुंकीला बोलावून घेतलं.

"सर, उड्डाणाच्याच वर्गात उडाला ना तो?"

"म्हणजे जागेवर नव्हता. क्रेडिट बसल्याचं मिळतं, बाई."

साळुंकीला ते पटलं नाही. पण सर शिकलेले, आपण नुसत्या उडणाऱ्या, असं वाटून तिनं मान डोलावली. त्या दिवसापासून ती घरीही म्हणू लागली, "बस रे. उडू नकोस, सवय लागेल."

ठिपक्या बसला. पावसाळा बसला, हिवाळा बसला. शेवटचा तास आला, आणि गवतातून एक रानमांजर आलं.

"आपण कोण?" कासवानं विचारलं.

"मी बाहेरून नाव घातलंय. विषय पक्षी-परिचय. लेखी झालं, प्रात्यक्षिक राहिलंय."

"बरोबर आहे. करा सुरू. मुलांनो, जागा सोडायची नाही." एवढं बोलून कासवानं मान कवचात ओढून घेतली.

साळुंकी वर्गाशेजारच्या बाभळीवर बसून बघत होती. ती ओरडली, "ठिपक्या, ऊड."

"आई, थोडाच वेळ राहिलाय. शेवटचं क्रेडिट आहे."

साळुंकीनं सूर्याकडे पाहिलं. राहिला होता थोडाच. पाहिलं तिनं, बाळांनो, खोटं कशाला सांगू. एवढे तास बसवलेलं पोर. मग मांजराची शेपटी हलली.

"ऊड मेल्या, क्रेडिट गेलं खड्ड्यात."

ठिपक्या उडाला. त्याच्यामागे बाकीची पिल्लं. मांजराचा पंजा धोंड्यावर आपटला.

मांजर प्रात्यक्षिकात नापास झालं. ठिपक्या उडाला, म्हणून उड्डाणात नापास झाला. धोंड्याचे सगळे तास भरले होते. त्याला पदवी मिळाली, सुवर्णपदक मिळालं, वडावर फांदी मिळाली. ती मोडली. आता उड्डाणशास्त्र तोच शिकवतो.

ठिपक्या पुन्हा पहिल्या तासापासून बसलाय. रोज सकाळी उडत उडत वर्गाला जातो. साळुंकीच पाठवते. चालत गेला तर हजेरी चुकेल ना.

तात्पर्य: जीव वाचवायला उडता आलं तर चालेल, पण फांदीसाठी बसताच आलं पाहिजे. तेव्हा उठू नका. अजून तास संपलेला नाही.