हरेश्वरभाऊंचं नाक

बोईसरला आमच्या इमारतीत कुणाकडेही पाहुणा आला, की त्याला आधी पाणी मिळत नाही. आधी मनगटावर थेंब मिळतो. पहिल्या मजल्यावरचे हरेश्वरभाऊ दार उघडं टाकून बसलेले असतात. समोर स्टूल, स्टुलावर वासाच्या तेलांच्या तपकिरी बाटल्यांची रांग. कुणी जिना चढताना दिसला की म्हणतात, "या, हात द्या." पाहुणा बिचारा ओळख करून घ्यायला हात पुढे करतो आणि खोबरेलात मिसळलेली लवंग घेऊन वर येतो. पण सुटका तेवढ्यावर नाही.

"सांगा, कसा हाय वास?"

"छान आहे."

"छान म्हंजे? छान तर लग्नाची पत्रिका पण असते! नीट सांगा. आधी काय आलं, मागून काय आलं?"

मी शाळेत पंचवीस वर्षं तोंडी परीक्षा घेतेय, पण इतकी कडक कधी घेतली नाही.

भाऊ तारापूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. तिथे त्यांच्या नाकाला यंत्राएवढा मान. कुठला व्हॉल्व्ह गळतोय, कुठल्या पिंपाचं झाकण नीट बसलेलं नाही, हे भाऊ गेटातून आत शिरतानाच सांगत. इमारतीतही तोच दरारा. संध्याकाळी वाऱ्याबरोबर काही उग्र आलं, की बायका गॅलरीतून ओरडायच्या, "भाऊ, कसला हो हा?" भाऊ मान वर करून दोन श्वास घ्यायचे आणि हुकूम सोडायचे, "खिडक्या लावा. अर्ध्या तासात जाईल." आणि अर्ध्या तासात जायचंच!

निवृत्तीनंतर त्यांनी ही तेलं धरली. "नाक सांगतं ते डॉक्टरला मागून कळतं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. माझ्या डोकेदुखीला पेपरमिंट, आमच्या यजमानांच्या सर्दीला गरम पाण्यात निलगिरीचे दोन थेंब. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. वॉचमन यादव फार चिडतो म्हणून त्याच्या रुमालावर लव्हेंडर शिंपडलं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी पाण्याचा टँकर गेटबाहेर भोंगा वाजवून थकला आणि यादव खुर्चीत मान टाकून घोरतोय. जागा झाल्यावर मला म्हणाला, "टीचरजी, ग़ुस्सा तो चला गया, साथ में होश भी चला गया."

अशा नाकाच्या राज्यात एका रविवारी सकाळी सुक्या बोंबलांचा वास सुटला. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी जिन्यात सभाच भरली आणि साहजिकच भाऊंना पाचारण झालं. भाऊ मधल्या पायरीवर उभे राहिले. डोळे मिटले. नाकपुड्या फुगवल्या. आम्ही सगळे श्वास रोखून. बोट वर गेलं.

"तिसरा मजला."

तिसऱ्या मजल्यावर एकच कुटुंब राहतं, आणि ते कांदासुद्धा खात नाही. तिथल्या आजी मटकन पायरीवर बसल्या. "अहो, आमच्या उंबऱ्यात लसूण येत नाही!"

"आजी, माझं नाक खोटं बोलत नाय," भाऊ शांतपणे म्हणाले.

मला हसण्याच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, पुढच्या रविवारी चोर आपणच पकडायचा. वास सुटल्याबरोबर मी माझं साधं, बिनपदवीचं नाक घेऊन निघाले. वर जावं तर कमी होतोय, खाली यावं तर वाढतोय. पहिल्या मजल्यावर तर डोळ्यांतून पाणीच आलं. समोर भाऊंचं दार. भाऊ बाटली नाकाशी धरून बसलेले आणि मागच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या डोक्यावरून निळसर धूर वाहतोय!

"टीचर, तो वास आला काय परत?" त्यांनी विचारलं.

मी तडक आत गेले. त्यांची बायको, प्रमिलाताई, तव्यावर बोंबील भाजत होती. खिडकी बंद. आणि हातात ताटली घेऊन ती धूर बाहेर, नवऱ्याच्या दिशेने, लोटत होती.

"प्रमिलाताई! अहो, भाऊंना सुकी मासळी..."

"हळू!" तिने ओठांवर बोट ठेवलं. प्रमिलाताई दातिवऱ्याची, समुद्रकाठच्या मासळीच्या गावची. भाऊंना ताजं पापलेट चालतं, पण सुकी मासळी दारात नको. लग्नानंतर तिची आई एकदा बोंबलांची जुडी घेऊन आली, ती भाऊंनी गेटवरूनच ओळखली आणि परत पाठवली.

"नाक गेलंय त्यांचं," ती म्हणाली. "मागे सगळ्यांना तो ताप आलता ना, तवापासून. गेलं ते आलंच नाय. पालघरला एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. धुवायच्या शर्टात कागद गावला मला. त्यात लिवलेलं, रोज सकाळ-संध्याकाळ तेलं हुंगायची, कदाचित येईल परत. त्यांना वाटतं मला ठावं नाय."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"जन्मभर नाकावर जगला माणूस. काय बोलू? सांगतील तवा सांगतील." तिने ताटलीने पुन्हा वारा घातला. "तोवर मी रविवारी दोन बोंबील भाजते. ज्या दिवशी आरडतील ना टीचर, 'काढ ती घाण बाहेर!', त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगला पेढे."

मी वर जाऊन आजींना सांगितलं, की वास खाडीकडून वाऱ्याने येतो. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. शिक्षकी पेशाचा असाही उपयोग होतो.

पुढच्या रविवारी मी आपणहून भाऊंसमोर मनगट धरलं. त्यांनी थेंब सोडला.

"सांगा."

या वेळी मी घाई केली नाही. "गुलाब आहे. आधी देवळातल्या कालच्या हारासारखा. मग थोडा मधासारखा. आणि अगदी मागून ओल्या माठासारखं काहीतरी."

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. "माठ," ते हळूच म्हणाले. "बरोबर. माठ असायचा." बाटली त्यांनी स्वतःच्या नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. धूर आमच्या दोघांच्या मधून चालला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून प्रमिलाताईने डोकावून माझ्याकडे पाहिलं. भुवया वर.

मी मान हलवली. नाही.

ती आत गेली आणि तिने बोंबील उलटले.