चेअरमनबाईंची टाइट्स

शिवणकाम म्हणजे माझ्या हातचा मळ! दोन मीटर कापडात मी दोन पोलकी, एक झबलं आणि वर उशीचा अभ्रा काढते. उगाच नाही चकलांब्याच्या महिला शिलाई संस्थेने मला चेअरमन केलं!

त्या साली पाऊस नव्हता. आठ दिवसांनी टँकर यायचा. गेवराईच्या मुलींच्या शाळेला खो-खोच्या पोरींसाठी ताणणाऱ्या कापडाच्या चाळीस टाइट्स हव्या होत्या. ऑर्डर मिळाली तर आम्हा आठ जणींना ऊस तोडायला जावं लागणार नव्हतं. मुख्याध्यापिका वत्सलाबाई सोमवारी नमुना बघायला येणार होत्या.

आमच्या सेक्रेटरी केशरबाईंनी कापड ओढून बघितलं.

"चेअरमनबाई, हे आडवंच ताणतंय. ताण कमरंभवती आला पायजे."

"तसं कापलं की वीतभर कापड वाया! दुष्काळ हाय का न्हाई? फिरवा कापड!"

"पर..."

"चेअरमन कोण हाय?"

केशरबाईंनी कापड फिरवलं. अंगाला घट्ट बसावं म्हणून मी मापापेक्षा चार बोटं कमीच कापलं. नमुना मीच घालून दाखवणार, म्हणून माप माझंच होतं. घालून बघायची गरज मला कधी पडत नाही!

सोमवारी दारात जीप थांबली आणि मी आतल्या खोलीत टाइट्समध्ये पाय घातले. गुडघ्यापर्यंत छान गेली. पुढे हलेना! केशरबाई एका बाजूने, आमच्या संस्थेतल्या छबुबाई दुसऱ्या बाजूने ओढू लागल्या.

"दम धरा!"

"कवाचा धरलाय!"

शेवटी चढली. कुडता खाली ओढून, उसाच्या मोळीसारखी आवळलेली मी बाहेर आले.

"बसून दाखवा," वत्सलाबाई म्हणाल्या. "खो-खोत बसावंच लागतं."

बसले. बसले ती बसलेच!

"उठा आता."

उठता येत नाही असं चेअरमनने कसं सांगायचं? मी म्हटलं, "ऑर्डर मिळाल्याबिगर उठणार न्हाई!"

छबुबाईंना वाटलं, ठिय्या आंदोलन सुरू झालं. "मंग आमी बी बसतो!" म्हणत त्यांनी फतकल मारली. पाठोपाठ सगळ्या बसल्या, घोषणा सुरू झाल्या!

"अहो, मी ऑर्डर नाकारली कुठे?" वत्सलाबाई घाबरल्या. "बाई, उठा की! का उठत नाही तुम्ही?"

"लई घट्ट झालीया," माझ्या तोंडून निघून गेलं. डोळ्यांत पाणीच आलं हो!

मग चौघींनी मला काखेत हात घालून उभं केलं. वत्सलाबाई वाकल्या, शिवणीवरून बोट फिरवलं.

"एवढी ओढाताण झाली, पण एक टाका उसवला नाही! टाइट्स राहू द्या. चाळीस दप्तरं शिवून द्याल?"

काम मिळालं! ऊसतोड टळली! मला मात्र केशरबाईंनी कात्रीने कापून बाहेर काढलं.

संध्याकाळी सभा झाली. 'यापुढे चेअरमनने कात्रीला हात लावू नये,' असा ठराव केशरबाईंनी मांडला. सात विरुद्ध एक मताने पास झाला. ते एक मत कुणाचं, ते सांगता येत नाही. मतदान गुप्त होतं.