मास्क लावलेले आजोबा

नातीला पहिल्यांदा बघायचं होतं, त्याच सकाळी माझ्या खालच्या ओठावर फोडांचा पुंजका उगवला. (आयुष्यात माझ्याकडे वेळेवर आलेली ही एकच गोष्ट.)

मुलगी, जावई आणि महिन्याभराची नात संध्याकाळपर्यंतच थांबणार होती. ही, माझी बायको, गेल्यापासून घरात एवढी माणसं आलीच नव्हती. बाळाची हनुवटी अगदी आजीसारखी आहे, असं मुलगी फोनवर म्हणाली होती. ती हनुवटी मला मांडीवर घेऊन बघायची होती.

ओठ लपवायला मी मास्क चढवला आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. खरं वाटावं म्हणून दोनदा शिंकलोही. शिंक इतकी जमली की मुलीने माझी खुर्ची बाल्कनीत हलवली. जावयाने वाफेचं भांडं आणलं. मास्क न काढता मी वाफ घेतली. चष्म्यावर धुकं साचलं आणि दुरून दिसत होती तेवढी नातही दिसेनाशी झाली.

निघण्याआधी जावयाने काळजीने शेजारच्या डॉक्टरांना आणलं. मास्क उतरला.

"काका, हे लपवत होतात? पन्नाशीच्या आतल्या तिघांतल्या दोघांकडे हा हर्पिसचा विषाणू असतो. वयाबरोबर मंडळी वाढतच जातात. बहुतेकांना लहानपणीच मिळतो. कुणीतरी लाडाने पापा घेतलेला असतो."

आमच्या घरी पापा घेण्याची पद्धत नव्हती. वडील पाठीवर थापसुद्धा विचार करून मारत. हिच्या ओठावर मात्र प्रवासाला निघालं की असंच उठायचं. मी 'माहेरचा आहेर' म्हणून चिडवायचो.

"बायकोकडून आला असेल का?"

"असेलही. आता कसं सांगणार?"

मी ठरवून टाकलं, तिच्याकडूनच.

"एवढ्या लहान बाळाच्या हा जिवावर बेतू शकतो," डॉक्टर मुलीला म्हणाले. "पापा अजिबात नाही. पण फोड झाकून, हात साबणाने धुऊन मांडीवर घ्यायला काय हरकत होती?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, सकाळीच सांगायचं ना. दिवसभर तुमच्याकडेच दिली असती."

खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती. मी धावत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, नखांसकट. (कारकुनाची सवय, काम चोख आणि उशिरा.) खाली पोचलो तोवर बाळ गाडीत होतं. काचेतून हनुवटी दिसली. हिचीच. रुसल्यावर पुढे यायची तशी.

मागे उभे असलेले डॉक्टर धीर देत म्हणाले, हा पाहुणा आता जन्मभर तुम्हाला सोडून जाणार नाही. ऐकून बरं वाटलं.

फक्त बहुतेक वेळ तो झोपूनच असतो म्हणे. म्हणजे बोलायचं मलाच.